तेलकट माती, शेणखत आणि एक फसवा आकडा

गॅरेजसमोरची जमीन कधी नीट पाहिली आहे का? काळी, घट्ट, पाऊस पडला तरी पाणी आत न जिरणारी. वर्षानुवर्षं सांडलेलं ऑइल आणि डिझेल तिथे मुरलेलं असतं. "अशी माती शेणखत आणि उसाच्या चिपाडाने साफ करणं" हा माझा विषय आहे असं सांगितलं, की लोक एकतर हसतात किंवा त्यांना ते लगेच पटतं. दोन्ही जरा घाईच होते.

तेल खाणारे जिवाणू बाहेरून आणावेच लागतात असं नाही. स्युडोमोनास, ऱ्होडोकॉकस वगैरे मंडळी बहुतेक मातीत आधीपासून असतात. १९८९ मध्ये 'एक्सॉन वाल्डेझ' जहाजातलं तेल अलास्काच्या किनाऱ्यावर पसरलं, तेव्हा जैविक सफाईसाठी तिथे मुख्यतः खतं टाकली गेली. जिवाणू होतेच; त्यांच्या पानात भाकरीचा ढीग होता, पण तोंडी लावायला काही नव्हतं. तेल म्हणजे जवळपास नुसता कार्बन आणि हायड्रोजन. पेशी वाढायला नायट्रोजन आणि फॉस्फरसही लागतो, शिवाय हवा आणि ओलावा. शेणखतातून हे बरंचसं मिळतं, वर आणखी जिवाणूही फुकट येतात.

किती खत लागेल? एक किलो मातीत ५० ग्रॅम डिझेल आहे असं धरू. त्यात साधारण ४३ ग्रॅम कार्बन. दर १०० भाग कार्बनमागे १० भाग नायट्रोजन हे नेहमी वापरलं जाणारं प्रमाण घेतलं, तर ४.३ ग्रॅम नायट्रोजन हवा. वाळलेल्या शेणखतात तो एक-दीड टक्का धरला, तर खत लागेल ३०० ते ४०० ग्रॅम!

आता गंमत बघा. एक किलो मातीत ४०० ग्रॅम खत मिसळलं, की त्याच क्षणी तेलाचं प्रमाण किलोमागे ५० ग्रॅमवरून सुमारे ३६ ग्रॅमवर येतं. जवळजवळ २९ टक्के 'सफाई' झाली, आणि एकाही जिवाणूने तोंड उघडलेलं नाही. त्यात चिपाडाचे तंतू तेल शोषून धरतात. मोजणीच्या वेळी ते पूर्ण सुटलं नाही, तर आकडा आणखी छान दिसतो. बरं, कार्बन डायऑक्साइड मोजावा, तर तो खत कुजूनही येतोच.

म्हणून एक जोडीची कुंडी ठेवायची: तीच माती, तेच खत, तेवढंच तेल, फक्त जिवाणू मारलेले. तिथेही तेल 'कमी' झालं, तर तेवढं श्रेय जिवाणूंचं नाही. दुसरी युक्ती मला जास्त आवडते. डिझेलमध्ये हेप्टाडेकेन हा सरळ साखळीचा रेणू असतो आणि प्रिस्टेन हा फांद्या असलेला. जिवाणू सरळ साखळी आधी फस्त करतात. नुसतं पातळ केल्याने दोघांचं आपसातलं गुणोत्तर बदलत नाही. खाल्लं गेलं, तर बदलतं.

चिपाडाबद्दल एक सावधगिरी. ते मातीत पोकळी करतं, हवा खेळती ठेवतं, हे खरं. पण त्यातही नायट्रोजन अगदी कमी. नुसतं चिपाड घातलं, तर ते कुजवणारे जिवाणू मातीत होता तो नायट्रोजनही ओढून घेतात. कोंबडीखत किंवा शेणखत सोबत हवंच.

जड, अनेक वलयांचे रेणू मात्र जिवाणूंना सहज पचत नाहीत. तिथे धिंगरी अळिंबी काढून झाल्यावर उरलेला भुसा उपयोगी पडू शकतो, कारण लाकडातलं लिग्निन फोडणारी या बुरशीची विकरं असे रेणूही फोडू शकतात. वापरलेल्या इंजिन ऑइलमधलं जस्त आणि शिसं मात्र कोणीच खात नाही. तेल उतरलं तरी ते मातीतच राहतं, त्यामुळे गॅरेजसमोरची माती भाजीच्या वाफ्यात टाकू नका.