लिंपोपोचे वार्तापत्र : त्सोंगांचे नाणे आणि निहालांची भाषा

'आफ्रिकेतील एक आदिवासी जमात' एवढे म्हणून त्सोंगांचा विषय संपवण्याची सवय बुलढाण्याच्या वाचकालाही असते. प्रत्यक्षात त्सोंगा ही दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेने मान्य केलेली अधिकृत भाषा असून तिला स्वतःचे नभोवाणी केंद्र आहे, आणि नाण्यांवर देशाचे नाव आळीपाळीने तिच्यातही कोरले जाते.

हा समाज दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतात बहुतांशी निर्वासित म्हणूनच आला. १८२०च्या दशकात सोशांगाने या न्गुनी सरदाराने दक्षिण मोझांबिकमध्ये गाझा राज्य स्थापल्यावर अनेक कुळे पश्चिमेकडे सरकली; मका, भुईमूग आणि मासेमारी हा त्यांचा चरितार्थ, त्यात १८८६ नंतर जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींची मजुरी आली. पूर्वजांचे आत्मे हेच त्यांचे पारंपरिक दैवत, आणि सातपुड्यातील भुमकाला, म्हणजे कोरकूंच्या पुजारी-वैद्याला, त्याचे नवल वाटणार नाही. मात्र ज्यांनी पळवून लावले त्या न्गुनींचेच आत्मे अंगात आणून रोग बरे करणारे वैद्य पाहून तोही क्षणभर थबकेल.

त्सोंगांमध्ये राहणारे स्विस मिशनरी आंरी ज्युनो फावल्या वेळात फुलपाखरे व कीटक गोळा करीत असत. १८९५ साली भेटीस आलेले ब्रिटिश राजकारणी जेम्स ब्राइस यांनी त्यांना माणसांकडेही पाहावे असे सुचवले, आणि त्यातून त्सोंगांवरचा दोन खंडांचा ग्रंथ उभा राहिला. आपल्याकडेही अभ्यास बाहेरच्यांनीच केला: बुलढाण्यातील जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या डोंगरपायथ्याशी राहणाऱ्या निहालांची भाषा जगातील कोणत्याही भाषाकुलात निर्विवादपणे बसत नाही, तरी तिच्यावरचा डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांचा गाजलेला अभ्यास १९६२ साली निघाला तो अ‍ॅमस्टरडॅमहून. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत निहाल हे नाव कोरकूंच्याच नोंदीत अडकवलेले आहे, आणि दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत स्वतंत्र दाखवल्या जात नसल्याने निहाली 'इतर' या रकान्यात विरघळते. कोरकूंच्या शेतावर राबणाऱ्या, घराबाहेर कोरकू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या माणसाची ही सरकारदरबारी ओळख आहे!

दक्षिण आफ्रिकेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही, कारण गाझानकुलू हा त्सोंगांचा 'स्वदेश' वर्णद्वेषी राजवटीनेच माणसे वाटून टाकण्यासाठी आखला होता. त्याच राजवटीने १९६९ साली त्सोंगांपैकीच माकुलेके समाजाच्या गावांना क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर टोकावरून हुसकले. परंतु १९९८ साली जमीन त्यांच्या नावावर परत झाली, तेथे वस्ती न करण्याची अट त्यांनी मान्य केली, आणि पर्यटक-निवासांच्या उत्पन्नातील वाटा आज त्यांच्याकडे येतो. इकडे बुलढाण्यातील अंबाबरवा अभयारण्यातील गावेही वाघासाठी हलवली गेली. व्याघ्र प्रकल्पांच्या पुनर्वसनासाठी २००८ साली ठरलेला दर कुटुंबामागे दहा लाख रुपयांचा होता, आणि ती रक्कम घेऊन माणूस बाहेर पडला की जंगलाशी त्याचा हिशेब मिटला असे धरले जाते. वनहक्क कायदा २००६ सालीच संमत झालेला असताना जंगलाच्या उत्पन्नात विस्थापितांचा कायमचा वाटा ठेवणे एवढे अवघड का असावे, याचे उत्तर प्रिटोरियात शोधण्याची गरज नाही.