गोधडीचा टाका आणि मताचा हक्क : अलाबामातील ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’

1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहून तिकडच्या आणि इकडच्या परिस्थितीतले साम्य नोंदवले होते. 1972 मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली, तेव्हा तिचे नावच ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले गेले. हे नाते आपल्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. पण त्याच लढ्यात सुई-दोऱ्याने उभी राहिलेली एक संस्था होती, तिच्याविषयी मराठीत फारसे बोलले जात नाही. तिचे नाव ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’. अलाबामा राज्यातील विल्कॉक्स काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या एका भागात, गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांनी ती 1966 मध्ये स्थापन केली.

गावोगावी बचत गट आणि महिला मंडळे चालवणाऱ्या आपल्या तरुणांनी ही हकीकत समजून घ्यावी, कारण तिच्यात यश आहे तसा धोक्याचा इशाराही आहे.

‘क्विल्ट’ म्हणजे काय, ‘बी’ म्हणजे काय?

क्विल्ट म्हणजे आपली गोधडी. कोल्हापूर-सांगलीकडे हिलाच वाकळ म्हणतात. वर जोडलेल्या तुकड्यांचा थर, खाली अस्तर, मध्ये कापूस किंवा जुने कापड, आणि तिन्ही थर धरून ठेवणारा धावदोरा. अलाबामातील स्त्रिया शेतात झिजलेल्या पँटी, सदरे, पिठाची पोती यांपासून ती शिवत. लाकडी घरांच्या फटींतून थंडी आत येई, म्हणून पोरांच्या अंगावर घालायला काहीतरी हवे, हा तिचा पहिला उपयोग.

‘बी’ म्हणजे शेजारणींनी एकत्र येऊन एकमेकींचे काम उरकणे. आपल्याकडे शेतात जी सावड असते, तीच ही शिवणकामातली सावड. आज एकीची गोधडी, उद्या दुसरीची.

तुकड्यांचे वस्त्र आपल्यालाही परके नाही. भिक्खूंचे चीवर मगधातील भातखाचरांच्या आखणीसारखे तुकडे जोडून शिवले जाते, आणि ती रचना आनंदाने केली, असे विनयपिटकात सांगितले आहे. वर्षावासानंतरच्या कठीण चीवराच्या वेळी ते भिक्खूंनी मिळून तयार करायचे असते. टाकून दिलेल्या कापडात कमीपणा नाही, हे तिथे फार पूर्वीच मान्य झाले. अलाबामात मात्र प्रश्न कापडाचा नव्हता, ते शिवणाऱ्या बाईच्या माणूसपणाचा होता.

कर्ज, जमीन आणि मतदार यादी

विल्कॉक्स काउंटीत अलाबामा नदीच्या मोठ्या वळणात जीज बेंड नावाचे गाव आहे. तीन बाजूंनी पाणी. इथले लोक कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या गुलामांचे वंशज. गुलामगिरी संपल्यावरही जमीन मालकाचीच राहिली आणि हे लोक वाटेकरी कुळे झाले. बियाणे उधार, धान्य उधार. 1932 मध्ये उधारी देणारा व्यापारी वारला, तेव्हा त्याच्या घरच्यांनी कर्जापोटी या कुटुंबांची जनावरे, अवजारे आणि घरातले धान्यसुद्धा ओढून नेले. सावकारी म्हणजे काय हे ज्यांच्या आजोबांनी भोगले, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पुढे सरकारने तिथली जमीन विकत घेतली आणि 1940 च्या दशकात कर्जाने ती कुटुंबांना दिली. त्यामुळे जीज बेंडचे बरेच लोक स्वतःच्या जमिनीचे मालक झाले. याचे महत्त्व वीस वर्षांनी कळले. काउंटीत बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते, तरी 1965 च्या सुरुवातीला मतदार यादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. नाव नोंदवायला तालुक्याच्या गावी, कॅमडनला जावे लागे. लोक जाऊ लागले तेव्हा 1962 मध्ये नदी ओलांडणारी तर बंद करण्यात आली. नदीपलीकडे दिसणाऱ्या गावाला जायला आता सुमारे 40 मैलांचा फेरा पडू लागला. ही तर पुन्हा सुरू व्हायला 2006 साल उजाडले.

फेब्रुवारी 1965 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग जीज बेंडला येऊन गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. कायदा झाला तरी गोऱ्या मालकांच्या जमिनीवर राहणाऱ्यांची सुटका नव्हती. नाव नोंदवले की घर खाली करा, असा हुकूम यायचा. ज्यांच्याकडे स्वतःची जमीन होती ते टिकले. ज्यांच्याकडे नव्हती ते रस्त्यावर आले.

वाळत घातलेल्या तीन गोधड्या

अशा छळाची माहिती गोळा करत फ्रान्सिस वॉल्टर नावाचे एक गोरे पाद्री डिसेंबर 1965 मध्ये या भागात फिरत होते. एका घरासमोर दोरीवर त्यांना तीन गोधड्या दिसल्या. ते विचारायला गेले तर अनोळखी गोरा माणूस पाहून घरातली बाई रानात पळून गेली. त्या काळातली दहशत समजायला एवढा एक प्रसंग पुरेसा आहे.

वॉल्टर यांनी थोडा निधी मिळवला आणि प्रत्येकी 10 डॉलर देऊन गोधड्या विकत घेतल्या. न्यूयॉर्कमध्ये त्यांचा लिलाव करायचा आणि वरचा पैसा बायकांना परत करायचा, असे ठरले. मार्च 1966 मध्ये साठाहून अधिक स्त्रिया कॅमडनच्या एका चर्चमध्ये जमल्या आणि त्यांनी सहकारी संस्था स्थापन केली. एस्टेल विदरस्पून या स्थानिक बाईंनी पुढे अनेक वर्षे तिचा कारभार सांभाळला. मदत बाहेरून आली, पण संस्था सभासद स्त्रियांची झाली. पैसा त्यांच्या नावावर, निर्णय त्यांच्या बैठकीत.

संस्थेने घेतलेली 23 एकर जमीन

या संस्थेचे सर्वांत महत्त्वाचे काम गोधडीचे नव्हते, असे मला वाटते. तिने 23 एकर जमीन विकत घेतली. एका भागावर शिवणकेंद्राची इमारत बांधली आणि तिला मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव दिले. उरलेल्या जमिनीतले काही तुकडे मतदार नोंदणीमुळे किंवा चळवळीमुळे घराबाहेर काढलेल्या कुटुंबांना विकले.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मालक ‘घर खाली कर’ म्हणतो तेव्हा भाषण उपयोगी पडत नाही, जागा उपयोगी पडते. गोधड्यांच्या पैशातून ती जागा उभी राहिली. मत हा कागदावरचा हक्क आहे आणि तो वापरण्यासाठी पायाखाली जमीन लागते, हे या बायकांना अनुभवाने ठाऊक होते.

बाजाराची अट

पुढे न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांतून मागणी आली. 1972 मध्ये सिअर्स कंपनीने कॉर्डरॉय कापडाच्या उशांच्या खोळींचे काम दिले. नियमित मजुरी सुरू झाली. पण दुकानाला प्रत्येक नग सारखा हवा असतो. मापे ठरलेली, रंग ठरलेले, टाके ठरलेले.

जीज बेंडची खरी शिवण याच्या उलट. चौकोनात चौकोन बसवत जाणारी ‘हाउसटॉप’ ही तिथली आवडती रचना. पण दोन बायकांचे ‘हाउसटॉप’ एकसारखे सापडणार नाहीत. पट्टी तिरकी जाते, मध्येच रंग बदलतो. कारखान्याच्या शिस्तीत याला जागा नव्हती. मग बायकांनी काय केले? कॉर्डरॉयची उरलेली कात्रणे घरी नेली आणि स्वतःच्या मनासारख्या गोधड्या शिवल्या. पोट भरायला एक शिवण, स्वतःसाठी दुसरी.

नाव मोठे झाले, संस्था संपली

2002 मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले आणि ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातही गेले. समीक्षकांनी त्यांना आधुनिक चित्रकलेच्या पंक्तीला बसवले. 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटे काढली. पण पैसा कोणाकडे गेला, हा प्रश्न राहिलाच. 2007 मध्ये काही शिवणकार स्त्रियांनी मोबदला आणि नक्षीच्या हक्कांवरून न्यायालयात दावे केले. पुढच्या वर्षी ते आपसात मिटले. 2024 मध्ये एका मोठ्या दुकान साखळीने या नक्षींवरून माल काढला, तेव्हाही विक्रीवर टक्केवारी न देता ठरावीक रक्कम दिली गेल्याची चर्चा झाली.

आणि ‘बी’? जुन्या सभासद थकल्या, एकेक करून गेल्या. 2012 मध्ये संस्था बंद झाली. गोधडी संग्रहालयाच्या भिंतीवर पोहोचली त्याच काळात गोधडीवाल्यांची स्वतःची संस्था संपली, याची नोंद चळवळीच्या माणसाने जरूर घ्यावी. कौतुक एकेका कलावंताच्या वाट्याला येते. भाव ठरवण्याची ताकद मात्र संघटनेतच असते.

आज तिथे काय चालते?

गोष्ट तिथे थांबलेली नाही. काही वर्षांपासून जीज बेंडच्या स्त्रिया इंटरनेटवर आपापल्या नावाने दुकाने चालवतात. गोधडीवर शिवणारीचे नाव असते आणि किंमतही ती स्वतः ठरवते. 2022 पासून दर ऑक्टोबरमध्ये गोधड्यांना ऊन दाखवण्याचा उत्सव भरतो. हिवाळ्याआधी अंथरूण-पांघरूण उन्हात टाकायची जुनी रीत आता गावाचा मेळावा झाली आहे. घराघरांच्या ओसरीवर, कुंपणावर, दोऱ्यांवर गोधड्या टांगतात. पाहुणे गावात येतात, शिवणारीशी बोलतात, टाका शिकतात आणि तिच्याच हातात पैसे देतात. पुढचे मेळावेही ऑक्टोबरमध्येच, म्हणजे आपल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपासच येतील.

आपण काय घ्यायचे?

आपल्या वस्त्यांत गोधडी शिवणाऱ्या आया-आज्या आजही आहेत. शहरातल्या दुकानांत ‘हँडमेड’ म्हणून तीच गोधडी चढ्या भावाने विकली जाते. तेव्हा गट सुरू करताना, किंवा चालू गटात बसलेले असताना, चार प्रश्न विचारावेत. बँक खात्यावर सही कोणाची? भाव कोण ठरवतो? मालावर कोणाचे नाव जाते? आणि नफ्यातून सामाईक काय उभे राहते : जागा, शिलाई यंत्रे, मुलींच्या शिक्षणाचा निधी, की काहीच नाही?

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा जणी एकत्र आल्या तर संस्थेची नोंदणी करता येते. दहा बायका तर प्रत्येक विहाराच्या बुद्धवंदनेला जमतात. त्यांच्यासमोर हे चार प्रश्न मांडायचे आणि तरुण मुली-मुलांनी हिशेबाची वही, नोंदणीचे कागद आणि ऑनलाइन विक्री या कामांत हात द्यायचा. निर्णय मात्र आयांच्या बैठकीत होऊ द्यायचा. आणखी एक काळजी घ्यायची : गटात पहिल्या दिवसापासून दोन-तीन तरुणी सभासद असाव्यात, म्हणजे जुन्या थकल्यावर संस्था थकणार नाही.

जयभीम!