नकाशात आमची वस्ती कुठे आहे?

हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याचे थडगे आहे. १८०२ साली मद्रासजवळ जमिनीवर पायारेषा मोजून या माणसाने भारताच्या त्रिकोणमितीय मोजणीची सुरुवात केली. वीस वर्षे तो दक्षिणेकडून उत्तरेकडे मोजत आला आणि हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला मरण पावला. त्याची रेषा पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयापर्यंत नेली. आज हातातल्या मोबाईलवर जो भारताचा नकाशा दिसतो, त्याच्या मुळाशी ही मोजणी आहे आणि तिचा एक धागा आपल्या वर्धा जिल्ह्यातून गेलेला आहे.

लॅम्बटनचे नाव दगडावर कोरले गेले. मात्र अर्ध्या टनाचे यंत्र खांद्यावर वाहणारे, डोंगरमाथ्यावर झेंडे घेऊन उभे राहणारे, झाडे तोडून नजरेची वाट मोकळी करणारे जे शेकडो हात होते, त्यांची नावे कोणी कोरली? नकाशाची गोष्ट इथूनच सुरू होते. नकाशात काय दाखवायचे आणि काय गाळायचे, हे काढणारा ठरवीत असतो. म्हणून नकाशा ही मोजणी आहे, कला आहे आणि सत्ताही आहे.

आपल्याकडे पटवाऱ्याचा मौजेवार नकाशा असतो. इंग्रजी अमदानीत जमीन बंदोबस्ताच्या वेळी मध्य प्रांतात सोळा इंचाला एक मैल या प्रमाणाने हे नकाशे तयार झाले. शेताचा प्रत्येक तुकडा, त्याचा नंबर, विहीर, नाला, पांदण, सारे त्यात बारकाईने दाखविलेले असते, कारण सरकारला शेतसारा हवा होता. पण माणसे राहतात ती आबादी? तिच्याभोवती एक रेघ आणि आत कोरी जागा! कोणाचे घर कुठे, कोणाची गल्ली कोणती, याचा पत्ता नाही. गावात जातीची भिंत सगळ्यांना दिसत होती. तिच्या पलीकडे राहणाऱ्याचे घर मात्र कागदावर नव्हते.

यातला क्रूर विनोद असा की, गावाचा जिवंत नकाशा ज्याच्या डोक्यात होता तो माणूस याच वस्तीतला होता. शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. कोणता दगड हद्दीचा, कोणता ओढा कोणत्या गावचा, हे त्याला पाठ असे. सरकारी अंमलदाराला आणि वाटसरूला पुढच्या गावापर्यंत पोचविणारा वाटाड्याही तोच. सर्वांना वाट दाखविणाऱ्याला स्वतःच्या गावातल्या सर्व वाटा मोकळ्या नव्हत्या.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. वडिलांना भेटायला निघालेली ती मुले मसूर स्टेशनवर उतरली. रस्ता होता, खिशात पैसे होते. पण जात कळताच गाडीवान मिळेना आणि वाटेत पाणी मिळेना. छापील नकाशा त्या मुलांच्या काय कामाचा होता? पाणी कोण देईल, रात्री आसरा कुठे मिळेल, हे कोणत्याही नकाशात नव्हते.

अमेरिकेतील काळ्या बांधवांनी हीच अडचण ओळखली आणि उत्तरही स्वतःच तयार केले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणाऱ्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने १९३६ साली एक पुस्तिका काढली. कोणत्या गावात काळ्या प्रवाशाला खोली मिळेल, जेवण मिळेल, मोटारीत पेट्रोल मिळेल, याची तीत यादी होती. ‘ग्रीन बुक’ म्हणून ती गाजली आणि १९६० च्या दशकापर्यंत निघत राहिली. त्याही आधी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस या विद्वानाने फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून प्रत्येक काळ्या कुटुंबाची स्थिती रंगांनी नकाशावर उतरविली. तो अभ्यास १८९९ साली प्रसिद्ध झाला. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह हाताने रंगविलेले नकाशे आणि तक्ते मांडले. आजही ते कलाकृती म्हणून पाहिले जातात. याच ड्यू बॉईस यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते.

नकाशा काढायला मोठी यंत्रेच लागतात असेही नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेचा जगप्रसिद्ध नकाशा हॅरी बेक नावाच्या एका साध्या ड्राफ्ट्समनने काढला. त्याने खरी अंतरे सोडून दिली, वाकडे मार्ग सरळ केले आणि प्रवाशाला हवे तेवढेच ठेवले. साहेबांनी तो आधी नाकारला. १९३३ साली छापल्यावर लोकांनी तो उचलून धरला. वाट शोधणाऱ्याला काय हवे, हे ज्याला कळते त्याचा नकाशा चांगला.

नावाचेही तसेच आहे. आपल्या जिल्ह्यातले सेवाग्राम पूर्वी सेगाव होते. गांधीजींची पत्रे बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागली, म्हणून १९४० साली गावाचे नाव बदलले गेले. पत्रे चुकतात म्हणून नाव बदलू शकते, तर माणसाचा अपमान होतो म्हणून वस्तीचे नाव बदलायला इतकी वर्षे का लागावीत? डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पण निर्णय मंत्रालयात झाला म्हणून गावातली पाटी, ग्रामपंचायतीचे दप्तर आणि मोबाईलवरचा नकाशा आपोआप बदलत नाही. ते आपल्याला करून घ्यावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. एप्रिल २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. आबादीची ती कोरी जागा आता ड्रोनने मोजली जाते आणि घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. ड्रोन उडण्यापूर्वी घराच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतात. त्या दिवशी आपला माणूस मजुरीला किंवा वीटभट्टीवर गेलेला असेल, तर रेघ कोण मारणार? शेजारी मारील तीच हद्द! विहाराची जागा, वस्तीची बोळ, मोकळे पटांगण हे कोणाच्या नावावर चढले, हेही पाहिले पाहिजे. जिथे मोजणी व्हायची आहे तिथे हजर राहा. जिथे झाली आहे तिथे नकाशाची प्रत काढून वस्तीत सर्वांसमोर वाचा आणि चूक दिसली तर लेखी हरकत घ्या.

आणि एक नकाशा आपणही काढू या. आमची सूचना साधी आहे. वस्तीतल्या चित्रकला येणाऱ्या मुलामुलींना घेऊन विहाराच्या भिंतीवर आपल्या वस्तीचा रंगीत नकाशा काढा. त्यात घरे, हापसी, शाळा, अंगणवाडी, दवाखान्याकडे जाणारी वाट, स्मशानभूमीचा रस्ता, पावसाळ्यात तुंबणारा नाला दाखवा. रुग्णवाहिकेच्या चालकाला रात्री दोन वाजता कुठे वळायचे ते कळेल अशी खूण करा. वृद्धांना विचारून जुनी विहीर आणि जुनी पायवाट नोंदवा. ज्या विहिरीवर आपल्याला मज्जाव होता, तीही दाखवा. पुढच्या पिढीला ते कळलेच पाहिजे. आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत आठही तालुक्यांत असे नकाशे झाले, तर ते शेजारी शेजारी ठेवून जिल्ह्याचे खरे चित्र उभे राहील. कोणत्या वस्तीला रस्ता नाही, कोणत्या वस्तीला पाणी नाही, हे मग निवेदनात वेगळे लिहावे लागणार नाही. नकाशाच बोलेल.

शिवेचे दगड पाठ असलेल्यांची आपण नातवंडे आहोत. गावाची हद्द आपण शतकानुशतके दुसऱ्यांसाठी सांगितली. आता रंगाचा डबा आणि मोजपट्टी घेऊन आपल्या वस्तीची हद्द आपल्या हाताने आखू या.