चंदावरकरांची वाद्ये आणि तुळजापूरचे संबळ

तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' म्हटले की लोकांना आधी वाद आठवतात. प्रयोग बंद पडले, थिएटर अ‍ॅकॅडमी निघाली, 1980 मध्ये नाटक बर्लिनला जाऊ द्यायचे की नाही यावरून रण पेटले. हे सारे लिहून गुळगुळीत झाले आहे. संगीतकार भास्कर चंदावरकरांनी त्या नाटकात काय करून ठेवले, याची वासलात मात्र 'संगीतही उल्लेखनीय' या दोन शब्दांत लागते.

1936 साली पुण्यात जन्मलेले चंदावरकर मुळात सतारिये. रविशंकरांकडे शिकले, पुढे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. 1972 मध्ये कुमार शहानींचा 'मायादर्पण' हा चित्रपट आला आणि 16 डिसेंबरला 'घाशीराम'चा पहिला प्रयोग झाला. मग 'सामना', नंदू भेंडे यांच्या जोडीने 'तीन पैशाचा तमाशा', गिरीश कार्नाडांचा कन्नड 'ओंदानोंदु कालदल्ली', मृणाल सेन यांचा 'खंडहर'. यादी बरीच लांबवता येईल, पण याद्यांनी संगीतकार कळत नाही.

'घाशीराम'मध्ये कीर्तन रंगात येते न येते तोच लावणी सुरू होते. टाळ-मृदंग देवळातले, ढोलकी फडातली. दोन्हींचे श्रोते वेगळे, मानपान वेगळे. चंदावरकरांनी त्यांना एकाच रांगेतल्या माणसांच्या तोंडी आणि पायी आणून बसवले. रंगमंचावर आडवी उभी राहिलेली ती ब्राह्मणांची भिंत अभंगात डोलते आणि त्याच ठेक्यावरून बावनखणीकडे घसरते. पेशवाईचे ढोंग तेंडुलकरांच्या संवादांनी जेवढे उघडे पडते, तेवढेच या ठेक्यांच्या अदलाबदलीने पडते. वाद्याला जात असते, वस्ती असते, हे या माणसाला पक्के ठाऊक होते. दया पवारांच्या 'बलुतं'वरचा 'अत्याचार' त्यांनीच दिग्दर्शित केला, हा योगायोग नव्हे.

प्रस्तुत लेखकाचा जुना हट्ट आहे तो इथेच. धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः तुळजापुरात, ज्याला शहरी समीक्षक 'अपारंपरिक वाद्य' म्हणतात ते परंपरेचे पहिले वाद्य आहे. ते म्हणजे संबळ. नवरात्रात गोंधळ्याच्या कमरेला बांधलेली ती जोडी जवळून पाहावी. एक भांडे लहान, एक मोठे. दोन काड्यांपैकी एकीचे टोक वळवलेले. लहानावर कडकडाट, मोठ्यावर घुमारा. शेजारी तुणतुणे एकाच तारेवर सूर धरून, झांज लय राखून, आणि पेटती दिवटी. चौंडके काखेत धरून तार छेडायची, नंदीबैलवाल्याचे गुबुगुबु काडी घासून घुमवायचे. आघात, घर्षण, तार असा सगळा वाद्यवर्ग गावच्या चौकात हजर असतो.

काही जाणकार म्हणवणारे सांगतात की संबळ कर्कश, त्याला मैफिलीत थारा नाही. मग एडगर वारेझने 1931 मध्ये पूर्ण केलेल्या 'आयोनायझेशन' या रचनेत भोंगे वापरले, जॉन केजने पियानोच्या तारांत स्क्रू खोवले, त्यावर हीच मंडळी माना का डोलावतात? दुसरे टोक सिनेमावाल्यांचे. त्यांना संबळ हवे असते ते झणझणीत फोडणीपुरते. 'जोगवा'त अजय-अतुल यांनी देवीच्या भक्तिसंगीताला चित्रपटाच्या गाभ्यात जागा दिली आणि 2008 चे राष्ट्रीय पारितोषिक मिळवले. पण त्यानंतरच्या नकला ऐकवत नाहीत.

आज तर कीबोर्डवर संबळाची कळ दाबली की काम भागते. जत्रेत डीजेपुढे खरे संबळ ऐकू येत नाही. यंत्रातला ठोका दर वेळी तोच निघतो. गोंधळ्याच्या हातचा ठोका आख्यान पुढे सरकेल तसा बदलतो, कथा थबकली की थबकतो. संगीतकाराला त्यातूनच रचना सुचते. ठोक्यातली ही ओढ नव्या पिढीच्या कानांवर पडेल कशी? जिल्ह्यातल्या संगीत वर्गांत तबला आहे, पेटी आहे. संबळ शिकवायला गोंधळ्याला मानधन देऊन बोलावल्याचे आढळत नाही.

चंदावरकर 2009 मध्ये गेले. वाद्यांवरचे त्यांचे लेखन 'वाद्यवेध' या मराठी पुस्तकात आहे. संगीत शिकवणाऱ्यांनी ते आधी वाचावे आणि येत्या नवरात्रात विद्यार्थ्यांना घेऊन तुळजापूरला यावे. ध्वनिमुद्रण यंत्र आणले तरी हरकत नाही, फक्त गोंधळ्याची बिदागी विसरू नये.