पुस्तिका दुसऱ्या कपाटात

चिखली तालुक्यातल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदवह्यांची छायाचित्रे मी २०१६ पासून काढतो आहे. कोणत्या सभासदाने कोणते पुस्तक कधी नेले आणि कधी परत केले, एवढेच त्या वह्यांत आहे. पण स्वातंत्र्याच्या आगेमागे घाटावरच्या या भागात माणसे काय वाचत होती, हे सांगणारा दुसरा कागद माझ्या पाहण्यात नाही. यांपैकी एका वहीची साठ पाने आता जगात कुठेही नाहीत. छताच्या गळतीने मूळ वही गेली आणि छायाचित्रे माझ्या हातून गेली. ज्या एका वाक्याने ती वाचली असती, ते वाक्य छापलेले होते, कुणालाही फुकट मिळण्यासारखे होते. फक्त माझ्या संगणकावर नव्हते. ते का नव्हते, याचा शोध म्हणजे हा लेख.

मी संगणकाचा जाणकार नव्हे. बी.कॉम. झालो आणि अडत दुकानात हिशेब लिहीत आलो. ग्रंथालयाला कुणीतरी दिलेला जुना संगणक होता. त्याच्यासाठी विकतची कार्यप्रणाली परवडणारी नव्हती, म्हणून पुण्याच्या भाच्याकडून डेबियन लिनक्सची डीव्हीडी मागवली. ती बसवताना भाषा मराठी निवडता येते, पडद्यावरचे प्रश्न मराठीत येतात. मला फार बरे वाटले. ग्रंथालयात इंटरनेट नव्हते. जे काही लागेल ते त्या डीव्हीडीतच असणार, अशी माझी समजूत होती.

छायाचित्रांची दुसरी प्रत ठेवण्यासाठी मी ‘टार’ हा आदेश वापरत असे. टार म्हणजे ‘टेप अर्काइव्ह’. १९७९ च्या सातव्या युनिक्समध्ये तो आला, तेव्हा साठवण चुंबकीय फितीवर होत असे. फिती गेल्या, नाव राहिले. अनेक फाइली एका गाठोड्यात बांधणे हे त्याचे काम. त्यात एक सोय अशी की पहिल्यांदा सगळे बांधायचे आणि पुढे दर वेळी फक्त नवे किंवा बदललेले तेवढेच. जुनी हार्ड डिस्क लहान होती, म्हणून ही सोय मला देवासारखी वाटली. डिसेंबर २०१७ मध्ये मी पूर्ण गाठोडे बांधले, जानेवारीत एक पुरवणी बांधली, आणि मग आळस केला. दोन महिने एकही पुरवणी झाली नाही.

मार्चमध्ये माझ्याकडून काही जुनी छायाचित्रे चुकून पुसली गेली. गाठोडे आहेच, म्हणून मी डिसेंबरचे गाठोडे कामाच्या चालू फोल्डरमध्येच सोडले. पडद्यावर ओळी भराभर सरकू लागल्या आणि अधूनमधून ‘डिलीटिंग’ असा शब्द दिसू लागला. पहिल्या दहा-बारा ओळी माझ्या लक्षातच आले नाही. ग्रंथपाल मागे उभे होते. म्हणाले, “भाऊ, काहून थांबले?” मी थांबलो नव्हतो, गोठलो होतो. दोन महिन्यांत काढलेली अकराशेवर छायाचित्रे पुसली गेली होती. कॅमेऱ्याच्या कार्डात काही उरली होती, बरीच पुन्हा काढली. पण एक वही फेब्रुवारीतल्या अवकाळी पावसात भिजून लगदा झाली होती.

हे झाले कसे? त्याच संध्याकाळी मी संगणकालाच विचारायला बसलो.

लिनक्समध्ये ‘मॅन’ लिहून पुढे आदेशाचे नाव लिहिले की त्याचे माहितीपत्रक उघडते. ही चाल जुनी आहे. केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सची पहिली छापील पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. आदेशातले दोष सांगणारे ‘बग्ज’ हे कलमही तेव्हापासूनचे. आपल्या मालाचे दोष मालासोबत छापून देण्याची ही पद्धत मला अजूनही अजब वाटते. आमच्या बाजारात ती कुणी पाळत नाही. तर मी ‘मॅन टार’ लिहिले. पुरवणी गाठोड्याबद्दल थोडा मजकूर मिळाला, पुसण्याबद्दल अवाक्षर नाही. पानावर मात्र सूचना होती, की हे केवळ संक्षिप्त वर्णन आहे. सविस्तर पुस्तिका हवी तर ‘इन्फो टार’ म्हणा. म्हटले. जे उघडले ते शब्दशः तेच माहितीपत्रक! त्यातही पुन्हा तीच सूचना. एका खिडकीवरून दुसरीकडे आणि तिथून परत पहिलीकडे पाठवले जाण्याची सवय आपल्याला आहे, पण यंत्राकडून ही अपेक्षा नव्हती. पुढे कळले की ‘इन्फो’ला मूळ पुस्तिका सापडली नाही, तर तो गुपचूप मॅनचे पानच पुढे करतो. पुस्तिका नाही, हे तो सांगतच नाही. न सांगण्यानेच माणूस फसतो.

भाच्याला फोन केला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. “मामा, पॅकेजची माहिती उघडा आणि ‘सजेस्ट्स’ची ओळ वाचा.” डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजला एक कुंडली असते. त्यात ‘डिपेंड्स’ म्हणजे ज्याच्यावाचून चालणार नाही ते, ‘रेकमेंड्स’ म्हणजे सहसा सोबत हवे ते, आणि ‘सजेस्ट्स’ म्हणजे असले तर बरे. पहिली दोन आपोआप बसतात, तिसरे बसत नाही. टारच्या या तिसऱ्या ओळीत नाव होते: ‘टार-डॉक’. पुस्तिका होती तर! पण डीव्हीडीत नव्हती. ती ‘नॉन-फ्री’ नावाच्या वेगळ्या विभागात होती.

इथे मी बुचकळ्यात पडलो. टार ही ग्नू प्रकल्पाची, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या मूळ चळवळीची वस्तू. तिची पुस्तिका अमुक्त कशी?

उत्तर परवान्यात आहे. मुक्त सॉफ्टवेअरला मुक्त पुस्तिकाही हवी, असा रिचर्ड स्टॉलमन यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांच्या फाउंडेशनने २००० मध्ये पुस्तिकांसाठी वेगळा परवाना काढला. त्यात लेखकाला एक मुभा आहे: काही भाग आणि मुखपृष्ठ-मलपृष्ठावरचा मजकूर ‘अबदल’ ठरवता येतो. डेबियनच्या मंडळींना हे खटकले. जे बदलता येत नाही ते मुक्त कसे? २००६ च्या मार्चमध्ये त्यांनी मतदान घेतले. असा अबदल भाग नसलेल्या पुस्तिका मुक्त, असलेल्या नाहीत, असा निकाल लागला. २००७ च्या आवृत्तीपासून टार, मेक, जीसीसी यांच्या पुस्तिका मुख्य विभागातून बाहेर गेल्या. टारच्या पुस्तिकेतला अबदल मजकूर मी मुद्दाम शोधला. मलपृष्ठावरची ती ओळ वाचकाला एवढेच सांगते, की ही पुस्तिका उतरवून घेण्याचे आणि बदलण्याचे स्वातंत्र्य तुम्हाला आहे. बदलण्याची परवानगी देणारी ती ओळ बदलता येत नाही, म्हणून अख्खी पुस्तिका बाहेर!

दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, याबद्दल मला शंका नाही. डेबियनचा तर्कही चुकीचा म्हणवत नाही. पण वाद दोन तत्त्वनिष्ठांचा आणि झळ तिसऱ्यालाच, हे आपल्या सार्वजनिक जीवनातही मी पुष्कळ पाहिले आहे. आणखी एक गोष्ट मला खुपते. २०२२ मध्ये डेबियनने पुन्हा मतदान करून, वायफायसारखी उपकरणे चालावीत म्हणून, ज्यांचा मूळ कोडही कुणाला दिसत नाही अशी फर्मवेअर अधिकृत डिस्कवर घेतली. सोय म्हणून ते बरोबरच झाले. पण पुस्तिका अजून बाहेरच आहेत.

ती पुस्तिका भाच्याने पेन ड्राइव्हवर पाठवली. पाचव्या प्रकरणात ते वाक्य आहे: पुरवणी पद्धतीने बांधलेले गाठोडे त्याच पद्धतीने सोडले, तर टार फोल्डरची त्या दिवशीची स्थिती हुबेहूब परत आणतो, आणि त्या दिवशी जे तिथे नव्हते ते पुसून टाकतो. याला कारण आहे. मधल्या काळात आपण स्वतः पुसलेल्या फाइली पुन्हा उगवू नयेत, यासाठीच ही योजना. गाठोडे वेगळ्या, रिकाम्या फोल्डरमध्ये सोडले असते तर काहीच बिघडले नसते.

तेव्हापासून कोणताही आदेश जोखमीच्या कामाला वापरण्याआधी मी त्याची कागदपत्रे गोळा करतो. कुंडलीतली सजेस्ट्सची ओळ आधी. मग ‘यूएसआर’मधल्या ‘शेअर’मधले ‘डॉक’ हे फोल्डर. तिथे जवळपास प्रत्येक पॅकेजच्या नावाचा कप्पा असतो; परवाना आणि बदलांची यादी तर असतेच, पण कधी नमुने, कधी ‘रीडमी डेबियन’ नावाची चिठ्ठी असते. मूळ लेखकाने बनवलेल्या वस्तूत डेबियनने काय फिरवले ते तिच्यात लिहिलेले असते, आणि नेमके तेच दुसरीकडे कुठे सापडत नाही. नाव आठवत नसेल तर ‘अप्रोपोस’ला विषय सांगावा, तो मॅनची शीर्षके चाळून देतो. हे सगळे इंटरनेटशिवाय होते. आमच्याकडे अजून त्याची गरज पडते.

मात्र हे सगळे इंग्रजीत. मॅनच्या पानांची भाषांतरे एकत्र ठेवणारा एक प्रकल्प आहे. त्यात जर्मन, फ्रेंच, पोलिश, डॅनिश, व्हिएतनामी आहे, मराठी नाही. संगणक बसवताना मराठी बोलतो आणि एकदा बसला की इंग्रजी. म्हणून ग्रंथालयासाठी टारवर दोन पानी टिपण मीच लिहिले. प्रत्येक फोल्डरात त्या दिवशी काय काय होते याची जी यादी गाठोड्यात असते, तिला शब्द सुचेना. ‘निर्देशिका-सूची’ लिहिले, ग्रंथपालांना ते कळले नाही. मी समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, “म्हणजे हजेरीपट. ज्याचे नाव नाही त्याला वर्गाबाहेर काढतो.” तोच शब्द ठेवला. टिपण संगणकाच्या मागच्या भिंतीवर चिकटवले आहे. गळती होते त्या बाजूला नाही.