पेनड्राइव्ह आहे, पण कुठे?

सौंदडला रोवण्याच्या दिवसांत लाइट किती वेळा जाते, हे तुम्हाला सांगायला नको. अशाच एका संध्याकाळी माझ्या लॅपटॉपची हार्ड डिस्क उडाली. कॉलेजचा प्रोजेक्ट रडतखडत पुन्हा लिहिला. पण त्यात आजीच्या आवाजातली रोवण्याची गाणी होती, अस्सल झाडीबोलीतली. आजी आता नाही. अकरातलं एकच गाणं वाचलं, तेही मामेबहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं म्हणून.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे पेनड्राइव्ह आहे. कुठे? लॅपटॉपच्याच बॅगेत ना! बॅग एसटीत राहिली की दोन्ही गेलं. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि कितीतरी फाइल्स जळाल्या. अशा वेळी कामाला येते ती दुसऱ्या इमारतीतली प्रत.

म्हणून जाणकारांचा हिशोब ३-२-१ असा: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. गूगलची १५ जीबी जागा फुकट आहे, प्रोजेक्ट आणि मार्कशीटला भरपूर झाली. मात्र सिंकला बॅकअप समजू नका. सिंक केलेल्या फोल्डरमधली फाइल उडवली की ड्राइव्हवरूनही जाते. ट्रॅशमध्ये ३० दिवस, मग कायमची. आणि हो, कॉपी केलेली फाइल एकदा उघडून बघा. नेट रेंगाळतंय? रात्री अपलोडला लावून झोपा.

ते एक गाणं आता माझ्याकडे तीन ठिकाणी आहे. मधेच आजी थांबते आणि विचारते, "सुरूच हाये का हे अजून?"