तिरंगा घरी आला, आता त्याची जबाबदारी
(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



राष्ट्रध्वजाचा विषय निघाला की आपण बहुतेक वेळा ध्वज वर कसा जातो तेवढंच बोलतो. दोरी ओढली, पाकळ्या पडल्या, राष्ट्रगीत झालं, मुलांना खाऊ वाटला, संपलं. आज आपण त्याच्या पुढचंही बोलू. ध्वज उतरवायचा कसा, त्याची घडी कशी घालायची आणि तो विरला, फाटला तर काय करायचं? पूर्वी हे प्रश्न शाळेचा शिपाई, पोलीस कवायत मैदान किंवा सरकारी कचेरीपुरते होते. आता ते आपल्या प्रत्येकाच्या गच्चीवर आले आहेत.

हा हक्क आपल्याला कसा मिळाला?

१९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. तेव्हाच्या ध्वजावर चरखा होता. तो घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायला ब्रिटिश सरकारने बंदी केली, आणि ती मोडण्यासाठी ठिकठिकाणचे लोक नागपूरला येऊन तुरुंगात गेले. जमनालाल बजाज पकडले गेले, मग वल्लभभाई पटेलांनी नेतृत्व हाती घेतलं. मागणी एवढीच होती, की हा झेंडा हातात धरून आम्हाला रस्त्याने चालू द्या.

त्याहून जवळचं उदाहरण नंदुरबारचं, म्हणजे आजच्या आपल्या नाशिक विभागातलं. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिथे मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता हा १५ वर्षांचा विद्यार्थी हातात तिरंगा घेऊन उभा होता. तो आणि त्याचे चार साथीदार त्या दिवशी गेले.

आजचा ध्वज संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. पण गंमत बघा, स्वातंत्र्यानंतरही सामान्य नागरिकाला तो वर्षातल्या ठरावीक दिवशीच लावता येत असे. नवीन जिंदाल या उद्योजकांना कारखान्यावर ध्वज लावण्यापासून अधिकाऱ्यांनी अडवलं, तेव्हा ते न्यायालयात गेले. १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि नागरिकांना बाराही महिने ध्वज लावण्याची मुभा मिळाली. २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की सन्मानाने ध्वज फडकवणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. या वाक्यातला ‘सन्मानाने’ हा शब्द आपण अधोरेखित करून ठेवू.

पुढचे दोन बदल अलीकडचे. डिसेंबर २०२१ मध्ये खादीबरोबर पॉलिएस्टरच्या आणि यंत्रावर विणलेल्या ध्वजांना परवानगी मिळाली. जुलै २०२२ मध्ये नागरिकांना उघड्यावर किंवा घरावर दिवसरात्र ध्वज ठेवता येईल असं ठरलं. त्याच ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ झालं.

वंदन म्हणजे नेमकं काय करायचं?

इथे बराच गोंधळ असतो. कोणी कपाळाशी हात नेतं, कोणी छातीवर ठेवतं, कोणी हात जोडतं. संहिता याबाबत अगदी साधी आहे. ध्वज चढताना, उतरताना किंवा संचलनात समोरून जाताना उपस्थित सर्वांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभं राहायचं. सलामी द्यायची ती गणवेशातल्यांनी, आपापल्या दलाच्या रीतीप्रमाणे. म्हणजे साध्या कपड्यातल्या आपण ताठ आणि शांत उभं राहिलो की आपलं वंदन पूर्ण झालं. छातीवर हात ठेवणं ही अमेरिकेची रीत. आपल्या संहितेत ती नाही.

आणि सावधान उभं राहायचं म्हणजे हातात मोबाइल नसतो. ध्वजाकडे पाठ करून सेल्फी घेताना आपण नकळत नेमकं उलटं करतो.

शाळांसाठी संहितेने पद्धत सविस्तर दिली आहे. मुलं चौकोनाच्या तीन बाजूंना आणि चौथ्या बाजूच्या मध्यावर ध्वजस्तंभ. मुख्याध्यापक आणि विद्यार्थी प्रमुख स्तंभामागे तीन पावलांवर. वर्गप्रमुख विद्यार्थी प्रमुखाला आणि विद्यार्थी प्रमुख मुख्याध्यापकांना तयारीची वर्दी देतो. ध्वज फडकण्याआधी सावधान, फडकताच सलामी, मग राष्ट्रगीत, आणि प्रतिज्ञा असेल तर ती त्यानंतर. या सगळ्यात हुकूम देणारं मूलच आहे, हे लक्षात घ्या. पाहुण्यांच्या भाषणासाठी मुलांना उन्हात ताटकळत ठेवा, असं संहितेत कुठेही लिहिलेलं नाही.

घरावर लावताना

आकार लहानमोठा चालेल, पण लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ हवं आणि चक्राला २४ आरे हवेत. विकत घेतानाच उघडून बघा. चक्र लांबट झालेला किंवा मध्यावरून सरकलेला ध्वज घेऊ नका.

बाल्कनीतून तिरकी दांडी बाहेर काढली, तर केशरी पट्टा दांडीच्या बाहेरच्या टोकाकडे हवा. भिंतीवर आडवा लावला तर केशरी वर. उभा लावला तर समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी. उभ्या ध्वजात चूक होते ती इथेच.

त्याच काठीवर दुसरा झेंडा नको. शेजारीही त्याच्याहून उंच किंवा त्याच्या बरोबरीने दुसरा झेंडा नको, मग तो मंडळाचा असो, पक्षाचा असो वा देवाचा. ध्वजावर काही लिहायचं नाही. टेबलावर अंथरायचा नाही, गाडीच्या टपावर किंवा बॉनेटवर पांघरायचा नाही. फुलांच्या पाकळ्या मात्र राष्ट्रीय सणाला आत बांधता येतात.

उतरवणं हीच खरी कसोटी

ध्वज चढवावा झपाट्याने आणि उतरवावा सावकाश, सन्मानाने, असं संहिता सांगते. आपल्याकडे मात्र पंधरा ऑगस्टचा ध्वज गणपतीपर्यंत गच्चीवरच राहतो. दिवसरात्र ठेवायची परवानगी आहे ना, मग राहू दे! पण ऑगस्ट म्हणजे नाशिकचा पाऊस. चार दिवस भिजलेलं कापड दांडीला गुंडाळलं जातं, वाऱ्याने कडा उसवते, हिरवा पट्टा पांढऱ्यावर उतरतो. विटलेला, फाटलेला ध्वज लावणं हे संहितेच्या विरुद्धच आहे, मग रात्रीची परवानगी असो वा नसो. तेव्हा रोज सकाळी एक नजर वर टाकायची. ते जमणार नसेल तर संध्याकाळी उतरवून ठेवलेला बरा.

घडीला दोन माणसं लागतात. ध्वज आडवा धरा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा. मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी असा दुमडा की चक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडा भाग तेवढा दिसेल. तळहातांवर घेऊन आत न्या. ओला असेल तर आधी सावलीत वाळवा.

आणि पूर्ण फाटला तर? आपण गोदाकाठची माणसं. जुनी पोथी, देवघरातली भंगलेली मूर्ती, निर्माल्य, सगळं नदीत सोडायची आपली सवय. ध्वजाचं मात्र तसं करायचं नाही. पाण्यात किंवा जमिनीवर ध्वज लोळू द्यायचा नाही, हा नियमच आहे. खराब झालेला ध्वज अखंड स्वरूपात, खासगीत, शक्यतो अग्नी देऊन नष्ट करावा, असं संहिता सांगते. पॉलिएस्टर वितळतं आणि धूर करतं. त्यासाठी प्रतिष्ठेला साजेशी दुसरी पद्धतही चालते.

‘ध्वज जाळायचा?’ हे ऐकून काहींना धक्का बसतो. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान अपमान प्रतिबंधक कायद्यात, लोकांसमोर ध्वज जाळून किंवा फाडून अवमान करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. तीच गोष्ट चार भिंतींआड आदराने केली तर ते कर्तव्य ठरतं. आपण आपल्या माणसाला निरोप देतो तसाच हा निरोप.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*लहान मुलांचे कागदी झेंडे चालतात का?* राष्ट्रीय, सांस्कृतिक आणि क्रीडा प्रसंगी चालतात. कार्यक्रम संपल्यावर ते रस्त्यावर टाकायचे नाहीत. प्लास्टिकचे मात्र घेऊच नका.

*गाडीवर ध्वज लावता येतो का?* मोटारीवर ध्वज लावण्याचा मान राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा ठरावीक पदांनाच आहे.

*रस्त्यात पडलेला झेंडा दिसला तर?* उचला, पुसा, घरी न्या. कोणी टाकला याची चौकशी नंतर. आपल्या मुलासमोर उचललात, तर त्याला वेगळं व्याख्यान द्यावं लागणार नाही.